मांडव्याहून परत येण्यासाठी कोणती बोट घ्यावी?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): "मी विलेपार्ल्याला राहतो. मांडव्याजवळ सासवने येथे आमचे छोटे घर आहे. नोव्हेंबर ते मे या काळात शनिवार-रविवारी मुंबईहून तिकडे जाण्यासाठी आणि अधूनमधून घारापुरीपर्यंत फेरफटका मारण्यासाठी एक वापरलेली स्पीडबोट घ्यावी असा विचार आहे. घरात मी, पत्नी, दोन मुलगे आणि ७४ वर्षांची आई. शिवाय एखादा पाहुणा धरावा. दोन बोटी पाहिल्या आहेत. दोन्ही २२ फुटी, फायबरच्या, सहा वर्षांच्या आणि एकाच कंपनीचे फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड (मागे बाहेरून लावलेले) इंजिन असलेल्या. पहिली ११५ हॉर्सपॉवरची, अधिक रुंद, दिसायला नवी, इंजिन केवळ १८० तास चाललेले, टाकी १२० लिटरची. दुसरी १५० हॉर्सपॉवरची, थोडी अरुंद, ६४० तास चाललेली, टाकी २२० लिटरची. तिचा तळ व्हीसारखा खोल आहे, मागच्या टोकाशी त्याचा उतार २१ अंश, तर पहिलीचा १४. दुसरीच्या डेकवरचे पाणी आपोआप बाहेर जाते. तिची किंमत दोन लाखांनी जास्त आहे. मेहुणे म्हणतात, पहिली घ्या, कमी चाललेली आहे. ओळखीचे तांडेल (बोट चालवणारे) म्हणतात, दुसरी घ्या. आम्ही दोन्हींमध्ये बसून आलो, आम्हाला तरी काही फरक जाणवला नाही. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

आपण तांडेलांचे ऐकावे आणि दुसरी बोट घ्यावी. मात्र ती दुपारी समुद्रात चालवून पाहिल्याशिवाय आणि तिचा मागचा फळा (ज्यावर इंजिन बसते तो) जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. मेहुण्यांनी लावलेला निकष मोटारीच्या बाबतीत बरोबर ठरला असता. खाऱ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या यंत्राला तो तसाच्या तसा लागू होत नाही, आणि ज्या दोन गोष्टी आपल्याला पुढे कधीही बदलता येणार नाहीत त्यांचा तर त्यात विचारच आलेला नाही.

आपल्याला फरक जाणवला नाही, याचे कारण बहुधा आपण दोन्ही बोटी सकाळी पाहिल्या असाव्यात. गेटवेपासून मांडव्याचे सरळ अंतर आठ सागरी मैलांच्या आसपास आहे. सकाळी सात-आठच्या सुमारास, रात्रीचा मतलई वारा पडलेला आणि खारा वारा अजून उठलेला नसताना, ते अंतर कोणतीही धड २२ फुटी बोट अर्ध्या तासात, हातातला चहा न सांडता कापते. विक्रेते गिऱ्हाइकाला सकाळीच बोलावतात, त्यामागे लबाडी असतेच असे नाही. पण त्या पाण्यावर कोणत्याही दोन बोटी सारख्याच वाटणार.

खरी परीक्षा रविवारी दुपारी परतताना होते. मांडवा गेटवेच्या दक्षिण-आग्नेयेस आहे, म्हणजे घरी येताना आपला रोख उत्तर-वायव्येकडे असतो, आणि आपण ज्या महिन्यांत बोट वापरणार आहात त्या महिन्यांत दुपारी जोर धरणारा वारा बहुतेक वेळा याच वायव्येकडून येतो. जाताना जी लाट पाठीशी असते ती येताना नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) डाव्या अंगावर आदळते, आणि बंदराच्या तोंडातून ओहोटीचे पाणी त्याच वेळी बाहेर धावत असेल तर ती अधिक आखूड आणि उभी होऊ शकते. मुंबईत मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे हा प्रवाह किरकोळ नसतो. भांगाच्या दिवसांत तोच मार्ग बराच सौम्य वाटतो. शिवाय मोठ्या जहाजांचा मार्ग आडवा ओलांडावा लागतो आणि जहाजांनी व फेरीबोटींनी उठवलेल्या लाटा वाऱ्याच्या लाटांत मिसळतात. आपण बोट घेत आहात ती या पाऊण तासासाठी. बाकीच्या वेळी कोणतीही चालली असती.

बोट वेगात असताना लाटेच्या माथ्यावरून सुटून खाली येते, तेव्हा तळ सपाटीकडे झुकणारा असेल तर पाणी त्याला एकदम अडवते आणि तो धक्का आसनावाटे थेट कण्यापर्यंत पोहोचतो. तळ व्हीसारखा धारदार असेल तर तो पाण्यात क्रमाने शिरतो, धक्क्याचा काळ लांबतो आणि त्याची तीव्रता कमी होते. १४ आणि २१ या आकड्यांत फरक सात अंशांचाच असला तरी तीन फुटी आखूड लाटेत तो सर्वांना कळतो: पहिल्या बोटीत आपल्याला वेग इतका उतरवावा लागेल की ती पाण्यावर धावणे सोडून पाणी रेटू लागेल, नाळ वर करून सर्वांना भिजवील आणि पेट्रोलही जास्त पिईल, दुसरी त्याच लाटेत वेग थोडा कमी करूनही धावती राहील. अंश मोजण्यासाठी विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहू नये. बोट जमिनीवर असताना मागच्या टोकाला तळाच्या एका बाजूवर मोबाइलमधील कोनमापक टेकवावा, मग दुसऱ्या बाजूवर टेकवावा आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यावी, म्हणजे बोट थोडी कललेली असली तरी चूक होत नाही.

या खोल तळाचा तोटाही सांगितला पाहिजे. उभी असताना अशी बोट अधिक डोलते, आणि तेवढ्याच वेगासाठी तिला अधिक ताकद लागते. घारापुरीजवळ नांगर टाकून सगळे एका बाजूला डबे उघडून बसलात तर ती त्या बाजूला झुकेल, आणि अशा वेळी पहिली बोट अधिक सुखाची वाटेल यात शंका नाही. आपण केवळ घारापुरीच्या सकाळच्या सहलींसाठी बोट घेणार असता, तर मी पहिलीच सुचवली असती.

आईंचा प्रश्न मात्र मी वेगळा काढतो. मुरिंगवर (पाण्यात बोट बांधून ठेवायच्या जागी) उभ्या असलेल्या बोटीत छोट्या होडीतून चढणे हे ७४ व्या वर्षी दोन्ही बोटींत सारखेच अवघड आहे, आणि दुपारच्या लाटेतला धक्का त्यांच्या पाठीने कोणत्याही बोटीत सोसू नये. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो साधारण तासाभरात मांडव्याला पोहोचते, बसायला नीट आसन मिळते आणि मोटारही सोबत नेता येते. आईंना तिने न्यावे, आणि त्यांच्यासाठी बोटीचा तळ निवडू नये. त्या रागावल्या तर एखाद्या शांत सकाळी त्यांना घारापुरीकडे फिरवून आणावे.

आता इंजिनाच्या ताकदीचे पाहू. सहा माणसे म्हणजे सव्वाचारशे किलो; त्यात नांगर, दोर, लाइफ जॅकेटे, पाणी आणि सासवन्याला न्यायचे सामान मिळवले की पाचशेचा आकडा सहज ओलांडतो, आणि शंभर लिटर पेट्रोलचे पाऊणशे किलो वेगळेच. एवढ्या भाराने ११५ चे इंजिन पाण्यावर येण्यासाठी कुंथते आणि मग कायम जवळजवळ पूर्ण थ्रॉटलवर चालत राहते. १५० चे इंजिन सुमारे पन्नास किलोने जड असते आणि खोल तळामुळे त्याच्यापुढे कामही जास्त असते, तरी ते हा भार मधल्या फेऱ्यांवर (आरपीएमवर) ओढते. म्हणून दोघांचा प्रत्यक्ष पेट्रोलखर्च आपल्याला वाटतो तितका वेगळा येणार नाही: भरलेल्या बोटीत, धावत्या वेगाला, दोन्ही तासाला २५ ते ३० लिटरच्या घरात राहतील, म्हणजे मांडव्याची जा-ये तीस लिटरच्या आसपास, आणि दुपारी लाट असेल तर चाळीस. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव हा जुना नियम लावला तरी पहिलीची १२० लिटरची टाकी पुरते. टाकीच्या आकाराला म्हणूनच मी गुण देत नाही. उलट मोठ्या टाकीत जुने पेट्रोल साचून राहण्याचा धोका अधिक असतो.

हा धोका आता पूर्वीपेक्षा गंभीर झाला आहे, आणि दोन्ही बोटींच्या विक्रेत्यांनी तो आपल्यापाशी काढला असेल असे वाटत नाही. आपल्याकडे पंपावर सध्या मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर बहुतेक आऊटबोर्ड उत्पादकांच्या पुस्तिकांत इथेनॉलची कमाल मर्यादा १० टक्के दिलेली असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. मोटारीची टाकी जवळपास बंद असते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत रिकामी होते. बोटीच्या टाकीला हवेची नळी असते, ती हवा दमट आणि खारट असते, आणि तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहू शकते. ओढलेले पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी यांचा एकत्र थर तळाशी बसतो, आणि इंजिनाला जाणारी नळी नेमकी तळातूनच पेट्रोल उचलते. म्हणून सौदा होण्यापूर्वी त्या विशिष्ट मॉडेलची पुस्तिका पाहावी आणि अधिकृत सेवा केंद्राकडून त्या इंजिनासाठी इंधनाबाबत लेखी सूचना घ्यावी. पाणी वेगळे करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर नसेल तर बसवून घ्यावा, रबरी नळ्या बदलाव्यात, आणि लागेल तेवढेच पेट्रोल भरावे. पावसाळ्यासाठी बोट बाहेर काढताना टाकीत शक्यतो काहीही ठेवू नये.

आता १८० तास आणि ६४० तास. सहा वर्षांत १८० म्हणजे वर्षाला तीस. याचा अर्थ ते इंजिन बहुतेक काळ उभे होते, आणि कुठे उभे होते हा प्रश्न विचारलाच पाहिजे. समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात प्रत्येक फेरीनंतर गोडे पाणी फिरवले नाही तर मीठ आतल्या वाटांत बसते, थर्मोस्टॅट अडकतो आणि पाणी फेकणाऱ्या पंपाचे रबरी पाते एकाच जागी वळून ताठरते. सहा वर्षांत ६४० म्हणजे वर्षाला सुमारे शंभर तास, जे घरगुती वापरासाठी अगदी नेहमीचे आहे आणि उत्पादकांच्या वार्षिक सर्व्हिसिंगच्या वेळापत्रकाशीही जुळते. नीट सांभाळलेले फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड दीड-दोन हजार तास चालते. तेव्हा तासांपेक्षा पावत्या पाहाव्यात: दरवर्षीच्या सर्व्हिसिंगच्या, पंपाचे पाते बदलल्याच्या, गिअर ऑइलच्या. पावत्या नसतील तर इंजिनाच्या संगणकातील नोंद सेवा केंद्राकडून छापून घ्यावी. इंजिनाचे किती आरपीएमवर किती तास गेले हे तिच्यातून कळते, आणि तिथे विक्रेत्याच्या आठवणीची गरज उरत नाही. सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकमेकांपासून दहा टक्क्यांहून अधिक वेगळे नसावे. गिअर ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. खालच्या भागावरचे जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे झिजलेले असावेत, कारण झिजणे हेच त्यांचे काम आहे. त्यांच्यावर रंग मारलेला असेल तर बाकीच्या देखभालीबद्दलही शंका घ्यावी.

आपण पत्रात जाता जाता लिहिलेली एक गोष्ट माझ्या मते किमतीतल्या फरकाएवढीच महत्त्वाची आहे: दुसरीच्या डेकवरचे पाणी आपोआप बाहेर जाते. त्यासाठी तिचे डेक बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर बांधलेले असते आणि पाणी कडेच्या भोकांतून स्वतःच्या वजनाने निघून जाते. पहिलीत ते तळाच्या पोकळीत साठते आणि बॅटरीवर चालणाऱ्या पंपाने उपसावे लागते. आपण पार्ल्याला, बोट पाण्यावर, आणि मधल्या आठवड्यात ऑक्टोबरची परतीची किंवा मेअखेरची वळवाची सर आली, असे समजा. बोटीच्या उघड्या भागाचे क्षेत्र तेरा चौरस मीटर धरले तर १०० मिलिमीटर पावसात तिच्यात तेराशे लिटर, म्हणजे तेराशे किलो पाणी पडते; रिकाम्या बोटीच्या वजनाहून ते फारसे कमी नाही. मुंबईत एवढा पाऊस एका दिवसात पडणे ही नवलाची बाब नाही. पंप चालला तर काही बिघडत नाही, पण बॅटरी उतरली किंवा पंपाच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी बसली तर सोमवारी तांडेलांचा फोन येईल. दुसरीचीही खात्री करून घ्यावी: सहा माणसे मागच्या बाजूला उभी करून पाहावे, भोकांतून पाणी आत येऊ लागले तर ते डेक नावापुरतेच आहे.

तळाचा आकार आणि डेकची उंची पुढे बदलता येत नाही. इंजिन बदलता येते, टाकी साफ करता येते, आसने आणि रंग तर किरकोळ. दोन लाखांचा फरक मी याच हिशेबाने पाहतो, आणि तो दुसरीच्या बाजूने पडतो.

मात्र दुसरीत एक जागा अशी आहे की तिथे दोष निघाला तर माझा सल्ला रद्द समजावा. मागचा उभा फळा, ज्याला ट्रान्सम म्हणतात, तो अनेक फायबरच्या बोटींत आतून प्लायवूडचा असतो, आणि इथे त्यावर सव्वादोनशे किलोंचे इंजिन सहा वर्षे लटकले आहे. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते लाकूड मऊ पडले तरी बाहेरून चटकन काही दिसत नाही. सर्व्हेअरने ओलावामापक लावावा, प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून आवाज ऐकावा आणि इंजिन अर्धे वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर जोर देऊन फळा हलतो का ते पाहावे. बोल्टभोवती केसासारख्या चिरा, ठोकल्यावर बद्द आवाज किंवा गंजाचे ओघळ यांपैकी काही दिसले तर पुढे बोलू नये. सर्व्हेअर आपण नेमलेला असावा. विक्रेत्याने सुचवलेला नको. बोट वर्षभर पाण्यात राहिली असेल तर तळावर फोड आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

चाचणी दुपारी तीननंतर, शक्यतो ओहोटी चालू असताना आणि सहा माणसे घेऊन करावी. माणसे नसतील तर तेवढ्या वजनाच्या पाण्याच्या कॅन ठेवाव्यात. पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत, म्हणजे बहुधा ५००० ते ६००० च्या दरम्यान, पोहोचतात का ते पाहावे. पोहोचत नसतील तर पंखा (प्रोपेलर) चुकीचा आहे किंवा इंजिन थकले आहे. पंखा बदलणे स्वस्त पडते. सुकाणू स्वतः धरावे. तांडेलांना सोबत न्यावेच, कारण डोल जाळ्यांचे खुंट कुठे आहेत हे त्यांना माहीत असते, आणि त्यांचा चेहरा पाहिला तरी आपल्याला बरेच कळेल.

कागदपत्रांत नोंदणीचे प्रमाणपत्र, सर्वेक्षणाचा दाखला, विमा, इंजिनाचा क्रमांक आणि महाराष्ट्र सागरी मंडळाकडील मालकी हस्तांतराची प्रक्रिया पाहावी. बोट परदेशातून आलेली असेल तर सीमाशुल्क भरल्याची बिल ऑफ एंट्री मागावी, ती नसल्यास सौदा करू नये. मुरिंगची जागा आणि पावसाळ्यात बोट ठेवायची जागा आधी पक्की करावी, कारण या दोहोंचा वर्षभराचा खर्च आणि तांडेलांचा पगार मिळून पेट्रोलपेक्षा मोठा आकडा होतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीच्या मार्गावर फेरीबोटीला झालेल्या अपघातानंतर लाइफ जॅकेट बाकाखाली नव्हे तर अंगावर असावे, हे वेगळे सांगायला नको. त्याच्या जोडीला व्हीएचएफ रेडिओ संच, मनगटाला बांधायची इंजिन बंद करणारी दोरी आणि मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक असावा. एकच इंजिन असलेल्या बोटीत नांगर आणि पुरेसा लांब दोर ही चैन नाही.

किमतीबद्दल एवढेच सांगतो की २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या सहलीच्या बोटींवर ४० टक्के जीएसटी लागू झाल्यामुळे वापरलेल्या बोटींचे मालक ताठ झाले आहेत, तरी सर्व्हेअरच्या अहवालापुढे त्यांनाही नमते घ्यावे लागते. फिल्टर, नळ्या, पंपाचे पाते, बॅटरी आणि ६४० तासांनंतरची मोठी सर्व्हिसिंग यांचा खर्च सेवा केंद्राकडून लेखी घेऊन तो किमतीतून वजा करण्यास सांगावे. दोन लाखांच्या फरकातला बराच भाग तिथेच भरून निघेल. इसारा देताना सर्व्हे आणि दुपारची चाचणी समाधानकारक झाली तरच सौदा पुरा होईल, अशी अट लिहून घ्यावी. आणि दुसरीचा फळा खराब निघाला तर त्या निराशेत पहिली घेऊ नये. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू होताना आणि मे महिन्यात, बोट बाहेर काढण्याचा खर्च मालकांना दिसू लागतो तेव्हा, अशा बोटी पुन्हा बाजारात येतात. तोवर रो-रोने जावे.